निवळ पाणी आणि निर्दोष पाणी : घरगुती जलशुद्धीच्या साधनांच्या निवडीचा ऐतिहासिक विचार

पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीचा इतिहास बहुधा तलाव, धरणे, जलवाहिन्या आणि नगरपालिकांचे कारभार यांच्या अनुरोधाने लिहिला जातो. तो स्वाभाविकही आहे. कारण सार्वजनिक बांधकामांची कागदपत्रे टिकून राहतात आणि घरातील रांजणापाशी रोज घडणाऱ्या क्रियेची नोंद कोणीच ठेवीत नाही. तथापि पाणी विहिरीवरून वा नळावरून घरात आल्यानंतर आणि ओठांना लागण्यापूर्वी त्यावर जो काही संस्कार होतो, त्याचाही एक स्वतंत्र इतिहास आहे. हा संस्कार कोणता असावा आणि त्यासाठी कोणते साधन पत्करावे, हा निर्णय प्रत्येक काळात कुटुंबास घ्यावा लागला. तो घेताना कुटुंबाने कोणती कसोटी लावली, ती कसोटी केव्हा व का अपुरी ठरली, आणि तिच्या जागी कोणती आली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१. कलुष आणि व्यापन्न

भारतीय वैद्यकात पाण्याच्या शुद्धीचा विचार पुष्कळ जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील द्रवद्रव्यांविषयीच्या अध्यायात गढूळ पाणी निवळण्याची सात साधने सांगितली आहेत. कतक म्हणजे निवळीचे बी, गोमेद, कमळाच्या देठाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि स्फटिकादी मणी अशी ती साधने होत. यांपैकी निवळीचे बी आणि वस्त्र ही दोन साधने सामान्य जनांच्या आवाक्यातील असल्यामुळे तीच लोकाचारात रुजली. निवळीचे बी भांड्याच्या आतील बाजूस उगाळले असता पाण्यातील गाळ एकत्र येऊन खाली बसतो. हा गुण इतका सर्वपरिचित होता, की कतकफळाचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टान्त मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात धर्माचरणाच्या संदर्भात आला आहे. पाणी वस्त्रगाळ करून प्यावे हा नियमही त्याच अध्यायात आढळतो. जैन आचारात तर गाळलेल्या पाण्यास अहिंसेच्या तत्त्वाचे अधिष्ठान मिळाले. महाराष्ट्रातील घरोघरी निवळीच्या जोडीला, आणि पुढे बहुतांशी तिच्या जागी, तुरटी आली. रांजणातील पाण्यात तुरटीचा खडा फिरवावा, रात्रभर पाणी स्थिर राहू द्यावे आणि सकाळी वरचे निवळ पाणी फडक्यातून गाळून घ्यावे, ही पावसाळ्यातील नित्याची रीत होती.

येथे सुश्रुतसंहितेतील एक भेद विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या पाण्यास केवळ मळ आला आहे, त्यास ‘कलुष’ म्हटले असून त्यासाठी वरील सात साधने सांगितली आहेत. परंतु जे पाणी दूषित झाले आहे, म्हणजे ‘व्यापन्न’ आहे, त्यासाठी निराळे उपाय दिले आहेत. असे पाणी अग्नीवर उकळावे, उन्हात तापवावे, अथवा तापवून लाल केलेला लोखंडाचा गोळा, वाळू वा ढेकूळ त्यात विझवावे, असे ते उपाय होत. गढूळपणा हा एक दोष आणि दूषितता हा दुसरा दोष, आणि पहिल्यावरील उपाय दुसऱ्यास पुरत नाही, ही जाणीव या विभागणीत अनुस्यूत आहे. दूषिततेचे कारण म्हणून सूक्ष्मजंतूंची कल्पना त्या ग्रंथकाराच्या मनात होती, असा अर्थ यातून काढणे मात्र योग्य होणार नाही. रंग, गंध, चव आणि स्पर्श यांतील बिघाडावरूनच दूषितता ओळखावयाची होती. तथापि दोष दोन प्रकारचे असतात हे एकदा मान्य केल्यावर साधनांची निवड दोषानुसार करावी लागते, हे ओघानेच येते. लोकव्यवहारात हा भेद टिकला नाही. गाळणे आणि निवळणे नित्याचे झाले. इंधन महाग, वेळ थोडा, आणि उकळलेल्या पाण्याची चव मिळमिळीत, यामुळे उकळणे आजाऱ्यापुरते व बाळंतिणीपुरते उरले. पाणी निवळ दिसले की ते शुद्ध, ही समजूत दृढ झाली.

२. डोळ्यांची कसोटी

ही समजूत केवळ भारतीय नव्हती. इंग्लंडमध्ये 1791 मध्ये जेम्स पीकॉक याने पाणी गाळण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. पुढे 1829 मध्ये जेम्स सिंप्सन याने लंडनच्या चेल्सी जलकंपनीसाठी वाळूचे मोठे गाळणथर बांधले. दोन्ही ठिकाणी अपेक्षित फळ एकच होते, ते म्हणजे डोळ्यास स्वच्छ दिसणारे पाणी. 1852 च्या कायद्याने लंडनच्या कंपन्यांवर थेम्सचे पाणी गाळूनच पुरविण्याचे बंधन आले, तेव्हाही पटकीचे कारण विषारी हवा असते, असेच बहुसंख्य वैद्यांचे मत होते.

या कसोटीचा फोलपणा 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागातील पटकीच्या साथीने उघड केला. जॉन स्नो याने मृतांच्या घरांचा शोध घेऊन साथीचा संबंध त्या रस्त्यावरील एका हातपंपाशी जोडून दाखविला. त्या पंपाच्या पाण्याचा लौकिक चांगला होता. त्या भागातून दूर हॅम्पस्टेड येथे राहावयास गेलेली एक विधवा केवळ चवीच्या आवडीमुळे तेथील पाणी मुद्दाम मागवून घेत असे. ते पिऊन तिला पटकी झाली व ती मरण पावली. तिच्या नव्या निवासाच्या परिसरात साथ नव्हती. स्नोच्या युक्तिवादातील हा अत्यंत बोलका पुरावा होय. गढूळ वा दुर्गंधी पाणी तिने टाळले असते. तिचा घात केला तो चांगल्या वाटणाऱ्या पाण्याने.

तथापि स्नोचे मत लगेच सर्वमान्य झाले नाही, आणि मान्य झाल्यावरही कुटुंबाच्या हाती नवी कसोटी आली नाही. आली ती भीती. या भीतीच्या पाठोपाठ इंग्लंडमध्ये घरगुती गाळयंत्रांचा मोठा व्यापार उभा राहिला. दगडी मातीच्या नक्षीदार बरण्या, त्यांत प्राण्यांच्या हाडांचा कोळसा, संपीडित कोळशाचे ठोकळे वा सच्छिद्र लोह, आणि खाली तोटी, असे या यंत्रांचे सर्वसाधारण स्वरूप होते. कोळसा रंग, वास आणि कित्येक सेंद्रिय द्रव्ये शोषून घेतो हे रसायनशास्त्राने सिद्ध केलेच होते. त्यामुळे यंत्रातून येणारे पाणी लखलखीत आणि चवीस गोड लागे. गिऱ्हाइकास एवढा पुरावा पुरेसा वाटे, आणि विक्रेत्यासही याहून अधिक पुरावा ठाऊक नव्हता.

हिंदुस्थानातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून आणि लष्करी छावण्यांतून ही यंत्रे आली. त्यांचेच देशी व स्वस्त रूप म्हणजे तिकाटण्यावर एकावर एक ठेवलेल्या मडक्यांची उतरंड होय. वरच्या मडक्यात पाणी, त्याखालच्यात कोळसा, त्याखालच्यात वाळू व खडे, आणि तळाच्या मडक्यात गाळलेले पाणी, अशी ही रचना पुढे शालेय पुस्तकांतील चित्रांमुळे पिढ्यान्‌पिढ्या परिचित झाली. कुंभाराच्या चार मडक्यांत होणारे हे काम तत्त्वतः विलायती बरणीहून निराळे नव्हते, आणि तिचा जो दोष पुढे उघडकीस आला तोही याला चुकला नाही.

३. सूक्ष्मदर्शकाची कसोटी

1881 मध्ये रॉबर्ट कॉख याने जंतूंची वाढ घट्ट पोषकद्रव्यावर करून त्यांची मोजदाद करण्याची पद्धती प्रसिद्ध केली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, 1884 च्या आरंभी, त्याने कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू दाखवून दिले. ही पद्धती हाती आल्यामुळे गाळयंत्रातून येणाऱ्या पाण्याची परीक्षा डोळ्यांनी करण्याऐवजी जंतूंच्या संख्येने करणे शक्य झाले. निष्कर्ष व्यापाऱ्यांस अनुकूल नव्हते. कोळशाचा नवा थर आरंभी काही जंतू अडवून धरी. परंतु अडकलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जंतूंचे पोषण होऊन कालांतराने यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत ओतलेल्या पाण्याहून अधिक जंतू आढळत. ज्या यंत्राने पाणी शुद्ध करावयाचे, तेच जंतूंचे निवासस्थान बनत असे. सिम्स वुडहेड आणि कार्टराइट वुड यांनी 1894 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निरनिराळ्या घरगुती गाळयंत्रांच्या तपासणीचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात बाजारातील बहुतेक यंत्रे रोगप्रतिबंधाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरली. घरगुती साधनांच्या निवडीच्या इतिहासात हा वृत्तांत एक महत्त्वाचा टप्पा मानला पाहिजे. कारण अनेक यंत्रे एकाच कसोटीवर, विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून न राहता, येथे पारखली गेली.

या कसोटीस उतरलेले साधन पाश्चरच्या प्रयोगशाळेतून आले होते. शार्ल शाम्बरलाँ याने 1884 मध्ये झिलई न दिलेल्या चिनी मातीची पोकळ नळी तयार केली. तिची छिद्रे इतकी सूक्ष्म, की पाणी झिरपते पण जंतू अडतात. मेणबत्तीसारख्या आकारामुळे तिला फ्रेंच भाषेत मेणबत्तीचेच नाव पडले, आणि इंग्रजीच्या द्वारे ‘कँडल’ हा शब्द मराठी घरांतही रूढ झाला. या नळीची अडचण अशी, की तिच्यातून पाणी फार सावकाश येई आणि त्यासाठी नळाचा दाब आवश्यक असे. ही अडचण 1891 मध्ये जर्मनीतील विल्हेल्म बेर्केफेल्ड याने पुष्कळ अंशी दूर केली. डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून बनलेली माती वापरून त्याने केलेल्या कँडलमधून पाणी जलद झिरपे. दुसऱ्याच वर्षी, 1892 मध्ये, हँबर्ग शहरात पटकीची भयंकर साथ येऊन सुमारे साडेआठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. एल्बे नदीचे पाणी हँबर्ग न गाळता पिई. लागूनच असलेले आल्टोना त्याच नदीचे, किंबहुना हँबर्गच्या मैल्यानंतरचे, पाणी वाळूच्या थरांतून गाळून पिई, आणि तेथे साथीचा उपद्रव तुलनेने अल्प झाला. शहराने जे केले नाही ते घरांनी करावयाचे, या निकडीतून बेर्केफेल्डच्या कँडलचा प्रसार झाला.

परंतु नव्या साधनाबरोबर नवे कर्तव्यही आले. कँडलच्या बाहेरच्या अंगावर साचलेला चिकट थर ब्रशाने घासून काढला नाही, आणि कँडल वेळोवेळी उकळली नाही, तर जंतू छिद्रांतून वाढत वाढत काही दिवसांत आतील बाजूस पोहोचत. शिवाय उकळताना वा धुताना तिला केसासारखी चीर पडली, तर ती डोळ्यास दिसत नसे आणि पाणी मात्र पूर्वीसारखेच निवळ येई. म्हणजे साधन जंतुशास्त्राच्या कसोटीस उतरले, तरी ते रोज बिनचूक काम करीत आहे की नाही, हे पाहण्यास घरधनिणीपाशी पुन्हा डोळ्यांखेरीज काही नव्हते. कसोटी प्रयोगशाळेत गेली. घरात राहिला तो विश्वास.

४. विहीर, लाल औषध आणि दिल्लीची कावीळ

हिंदुस्थानात फार थोड्या घरांना कँडल परवडत होती. मुंबईस 1860 मध्ये विहारचे आणि पुढे 1892 मध्ये तानसाचे पाणी नळाने आले, तरी देशाचा बहुसंख्य समाज विहिरी, तळी व नद्या यांवरच अवलंबून होता. आग्रा येथील रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हॅन्किन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपाय पुरस्कारिला. यात्रांच्या व साथींच्या दिवसांत विहिरीचे पाणी गुलाबी करून जाणारा आरोग्य खात्याचा माणूस आणि त्याचे ‘लाल औषध’ ही महाराष्ट्रातील खेड्यांच्या स्मरणातील गोष्ट होय. या उपायाचा विशेष असा, की पाणी निवळ करण्याऐवजी तो ते रंगीत करी. आणि रंग आलेले पाणी सुरक्षित, ही गोष्ट निवळपणास शुद्धी मानणाऱ्या समाजाला पटविणे सोपे नव्हते. पुढे अमेरिकेतील जर्सी सिटीने 1908 मध्ये क्लोरिनच्या नियमित वापराचा मार्ग दाखविल्यावर विरंजक चूर्णाने परमँगनेटची जागा घेतली. त्याचा वास हाच येथे रक्षणाची खूण झाला.

दरम्यान कँडलच्या मर्यादेचे ज्ञान एका वेगळ्याच मार्गाने वाढत होते. 1892 मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्हस्की याने तंबाखूच्या पानांवरील रोगाचा रस शाम्बरलाँच्या नळीतून गाळला, आणि गाळलेला रसही रोग उत्पन्न करतो असे त्यास आढळले. जंतू अडविण्यासाठी केलेल्या साधनाने न अडणाऱ्या विषाणूंचा पत्ता दिला. या शोधाचा पिण्याच्या पाण्याशी असलेला संबंध भारतात 1955 च्या अखेरीस दिल्लीत कळला. नजफगढ नाल्याचे मैलायुक्त पाणी वझीराबाद येथील यमुनेच्या उपसाकेंद्रात शिरले. तेथे तुरटी व क्लोरिन यांची प्रक्रिया चालूच होती आणि ती वाढविण्यातही आली. विषमज्वर वा अतिसार यांची साथ उद्भवली नाही. परंतु काही आठवड्यांनी काविळीचे सुमारे 29,000 रुग्ण आढळले. जंतूंचा नाश झाला, विषाणूंचा झाला नाही. हा विषाणू पुढे, 1980 नंतरच्या दशकात, ‘हेपॅटायटिस ई’ या नावाने ओळखला गेला. शासकीय जलशुद्धीवरील नागरी विश्वासास धक्का देणाऱ्या घटनांत दिल्लीच्या या साथीची गणना केली पाहिजे.

विषाणूंवर उपाय म्हणून अतिनील किरणांकडे लक्ष गेले. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट यांनी 1877 मध्ये दाखविले होते, आणि 1910 मध्ये मार्सेय शहरात या किरणांनी पाणी शुद्ध करण्याचा प्रयोगही झाला होता. भारतात 1992-93 मध्ये पटकीच्या नव्या जातीची साथ आल्यावर, मुंबईत जन्मलेले पदार्थवैज्ञानिक अशोक गाडगीळ यांनी बर्कली येथे खेड्यांना परवडेल असे अतिनील किरणांचे साधन सिद्ध केले. तोपर्यंत शहरी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरांत विजेवर चालणारी अशी यंत्रे येऊ लागली होती. या साधनाची अट जुन्या निवळीची आठवण करून देणारी आहे. पाणी आधी निवळ असले पाहिजे. गढूळ पाण्यात किरण पोहोचत नाहीत आणि गाळाच्या आडोशाने जंतू वाचतात. म्हणजे निवळपणा ही शुद्धीची खूण नसली, तरी शुद्धीची पूर्वतयारी म्हणून त्याचे महत्त्व कायम राहिले.

जुन्या साधनांविषयी असाच पुनर्विचार वस्त्राच्या बाबतीतही झाला. पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांस चिकटून राहतात हे ध्यानात आल्यावर रिटा कोलवेल आणि त्यांचे सहकारी यांनी बांगलादेशातील मतलब भागात जुन्या साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्याचा प्रयोग केला. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पटकीचे प्रमाण 48 टक्क्यांनी घटले. वापरून मऊ झालेल्या सुताची छिद्रे आकसलेली असतात, त्यामुळे नव्या कापडाहून जुने कापड अधिक उपयोगी ठरते. निम्मी घट म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. परंतु ज्या घरात दुसरे काहीच नाही तेथे निम्मी घट ही अल्प गोष्टही नव्हे.

५. विरघळलेला दोष

जंतुभयाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उघड्या पाण्याऐवजी कूपनलिकांचा मार्ग पत्करला गेला. खोल भूगर्भातील पाणी जंतूंच्या दृष्टीने सामान्यतः चांगले असते, हे खरेच होते. परंतु 1983 च्या सुमारास पश्चिम बंगालमध्ये आणि 1993 मध्ये बांगलादेशात या पाण्यात आर्सेनिक असल्याचे उघड झाले. फ्लोराइडमुळे दात व हाडे यांस होणाऱ्या विकाराची नोंद तर मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून 1937 मध्येच झाली होती. हे दोष न दिसणारे, चव न बदलणारे आणि वर्षानुवर्षे हळूहळू परिणाम करणारे आहेत. अतिनील किरण त्यांस काहीच करीत नाहीत. उकळणे, जे जंतूंवर सर्वोत्तम, ते येथे निरर्थकच नव्हे तर विपरीत आहे. कारण पाणी आटते आणि विष तेवढेच राहते.

फ्लोराइडवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने जो उपाय काढला, तो नालगोंडा पद्धती म्हणून प्रसिद्ध आहे. तुरटी आणि चुना योग्य प्रमाणात मिसळून पाणी ढवळावे व निवळू द्यावे, ही त्यातील मुख्य क्रिया; ती घरच्या बादलीतही करता येते. मात्र प्रमाण पाण्यातील फ्लोराइड व क्षारता यांवर ठरते. रांजणात अंदाजाने फिरविलेला खडा आणि मोजून घातलेली तुरटी यांतील अंतर म्हणजेच या इतिहासाने केलेली वाटचाल होय.

विद्राव्य क्षार काढण्याचे दुसरे साधन व्युत्क्रमी परासरणाचे, म्हणजे ज्यास आज घरोघरी ‘आरओ’ म्हणतात ते होय. त्याचा पाया कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन यांनी 1960 च्या सुमारास सिद्ध केलेल्या पटलाने घातला. खारे पाणी गोडे करणे हा त्याचा मूळ हेतू. शहरांतील घरांत मात्र ते पुष्कळदा जेथे पाणी खारे नाहीच तेथेही बसविण्यात आले. आणि त्यात उपयुक्त क्षार निघून जातात, तसेच घरगुती यंत्रांत मिळणाऱ्या पाण्याहून टाकून द्यावे लागणारे पाणी बहुधा अधिक असते. भारतीय मानकानुसार एकूण विद्राव्य क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. याच आकड्याचा आधार घेऊन, त्याहून कमी क्षार असलेल्या ठिकाणी अशा यंत्रांच्या वापरास मनाई करावी, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 च्या मे महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयास दिला. साधन उणे पडण्याऐवजी अधिक झाल्याबद्दल प्रश्न उपस्थित व्हावा, ही या इतिहासातील नवी गोष्ट होय. तसेच क्षारांचा एकूण आकडा दाखविणाऱ्या लहानशा मापकावर गिऱ्हाइकाची जी श्रद्धा बसली, ती निवळपणावरील जुन्या श्रद्धेची बहीणच म्हणावी लागेल. तो आकडा जंतूंविषयी काही सांगत नाही, आणि आर्सेनिकाच्या घातक अंशाविषयीही नाही.

उपसंहार

या आढाव्यातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की कोणतेही साधन सर्व दोषांचे निवारण करीत नाही. तुरटी गाळ बसविते, कँडल जंतू अडविते, उकळणे व किरण जंतू-विषाणूंचा नाश करतात, कोळसा वास व रंग घेतो, पटल क्षार काढते. आणि कोणतेही एक साधन इतर सर्वांचे काम करू शकत नाही. म्हणून ‘कोणते साधन उत्तम’ हा प्रश्न ‘या पाण्यात कोणता दोष आहे’ या प्रश्नाआधी विचारता येत नाही. कलुष आणि व्यापन्न हा जुना भेद याच क्रमाचा निदर्शक होता. दुसरा असा, की प्रत्येक काळात समाजाने एखाद्या सुलभ खुणेस शुद्धी मानले आणि साधने विकणाऱ्यांनी तीच खूण पुढे केली. कधी निवळपणा, कधी गोडी, कधी मापकावरचा आकडा. खूण खोटी नव्हती. ती अपुरी होती. तिसरा निष्कर्ष साधनाच्या निगेविषयीचा आहे. न घासलेली कँडल आणि न बदललेला कोळसा हे स्वतःच जंतूंचे निवासस्थान बनू शकतात.

शेवटी एका विषमतेचा निर्देश करणे अवश्य आहे. दोष ओळखण्याची कसोटी जसजशी डोळ्यांकडून सूक्ष्मदर्शकाकडे आणि तेथून रासायनिक पृथक्करणाकडे गेली, तसतशी ती कुटुंबाच्या हातून निसटली. साधन विकत घेता येते. पाण्याची परीक्षा करणारी प्रयोगशाळा घराघरांत मांडता येत नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे तो अनेक यंत्रे एकत्र बसवून आपले अज्ञान झाकून घेतो, आणि ज्याच्यापाशी तो नाही त्याच्या वाट्यास साडीची घडी येते. हँबर्ग आणि आल्टोना यांची कथा या दृष्टीने पुन्हा आठवावी अशी आहे. आल्टोनाच्या रहिवाशांचे रक्षण घरातील कँडलने केले नव्हते; नगराने बांधलेल्या वाळूच्या थरांनी केले होते. घरातील साधनाची निवड हा कुटुंबाचा अधिकार खरा. परंतु पाण्यात काय आहे हे त्यास प्रामाणिकपणे व नियमितपणे कळविणे हे सार्वजनिक संस्थांचे कर्तव्य आहे, आणि ते पार पडल्याखेरीज तो अधिकार डोळसपणे बजावता येत नाही.